पालथा हात

माईंच्या पालथ्या हाताला ताप पाच प्रकारचा लागतो. पहिली कसर. ती थर्मामीटरला दिसत नाही, मुलाला जाणवत नाही आणि आईला पटत नाही. फक्त माईंना लागते. कसरीच्या वर कणकण. कणकणीच्या वर ‘अंग कोमट आहे’. त्याच्या वर ‘तापलंय अंग’. आणि शेवटी, ‘फणफणलाय की गं पोरगा, आणि तू ऑफिसला निघालीस?’ डॉक्टर मंडळी 100.4 फॅरनहाइटपासून पुढे ताप म्हणतात. म्हणजे पहिले तीन-साडेतीन प्रकार वैद्यकशास्त्राने अजून ताब्यातच घेतलेले नाहीत. ते माईंच्या अखत्यारीत येतात.

तपासणीची जागा म्हणजे ए विंगच्या लिफ्टसमोरचा चौक, वेळ सकाळी साडेसात ते सव्वाआठ. डोंबिवलीत या वेळेला घराबाहेर पडलेला माणूस फक्त स्टेशनच्या दिशेने जात असतो. एका खांद्यावर लॅपटॉप, दुसऱ्यावर मूल आणि बोटाला पाळणाघराची पिशवी अशा अवस्थेत एखादी आई लिफ्टमधून बाहेर पडते, तर समोर माई दूध घेऊन उभ्या. ‘थांब गं जरा.’ ती थांबते. पालथा हात आधी कपाळावर, मग मानेखाली, मग सदरा वर करून पोटावर. तरी शंका राहिलीच तर बूट काढून तळपायाला. तिकडे गाडीची घोषणा होत असणार, पण माईंचा निकाल लागेपर्यंत हलायची कुणाची टाप नाही. ‘कसर आहे,’ माई मिटलेले डोळे उघडून सांगतात. ‘पाळणाघरात सांग, आज दही देऊ नका म्हणावं.’

पाळणाघरवाली ऐकतेही. तिची दोन्ही मुलं याच हाताखालून गेली आहेत.

माई म्हणजे ए-102. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगा बंगळुरात. सख्खी नातवंडं तिकडे असल्यामुळे माईंचा हात इथे मोकळा आहे. बंगळूरचा कारभार व्हिडिओ कॉलवर चालतो. ‘जीभ काढ. आणखी काढ. आता डोळ्याखालची पापणी ओढ बघू.’ एवढं सगळं पडद्यावर दिसतं, पण फोनला पालथा हात लावून काही कळत नाही. मग तिकडे सुनेने हात लावायचा आणि इकडे वर्णन करायचं. सून एम.टेक. आहे. ‘थोडं गरम वाटतंय, आई’ असं ती सुरुवातीला सांगायची. ‘थोडं म्हणजे? कसर की कणकण?’ हल्ली ती काहीही असलं तरी ‘कणकण’ सांगून मोकळी होते. तिच्या अनुभवानुसार त्या उत्तरावर पुढचे प्रश्न सगळ्यात कमी येतात.

मुलांच्या दुखण्यांची मूळ कारणं माईंच्या मते मोजकीच: वारं, दात, जंत, नजर आणि पेरू.

वाऱ्यावर उपाय टोपडं. मे महिन्यात आपल्या शर्टाची कॉलर घामाने भिजलेली असते, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि तरी उघड्या डोक्याचं बाळ दिसलं की माईंचा जीव कासावीस होतो. ‘टाळू उघडी टाकून फिरवतेस? टोपडं कुठंय?’ आमच्या सोसायटीतल्या सगळ्या आयांच्या पर्समध्ये एक टोपडं असतं. ते माईंच्या मजल्यावर चढतं आणि गेटबाहेर उतरतं. पेरूचंही तसंच. पेरू, सीताफळ, केळं ही माईंच्या लेखी थंड फळं, छातीत कफ धरणारी. गेटवरचा फळवाला बायकांना पेरू वर्तमानपत्रात गुंडाळून देतो आणि द्यायच्या आधी एकदा ए विंगकडे बघून घेतो.

दातांचं निदान मात्र मला फार आवडतं. चौथ्या महिन्यापासून जे काही होईल ते दातांमुळे. ताप आला, दात. जुलाब झाले, दात. रात्रभर किरकिर, दातच. एकदा बी विंगमधलं एक बाळ पलंगावरून खाली आलं, तेव्हाही माई म्हणाल्या, ‘दात येतायत ना, तोल जातो.’ दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात डोकावतो आणि शेवटच्या दाढेला अडीच-तीन वर्षं उजाडतात. या मुदतीत कधीही बघा, कुठला ना कुठला दात वाटेत असतोच. हे निदान खोटं पाडायची सोयच नाही. आता याच वयात पोर चप्पल, रिमोट, मोलकरणीच्या फडक्याचं टोक असं सगळं चाखून बघत असतं, तेव्हा जुलाबाला दाताखेरीज दुसरेही उमेदवार असू शकतात. पण हे माईंना सांगायला गेलात तर उत्तर तयार असतं. ‘अरे, हिरड्या शिवशिवतात म्हणूनच तोंडात घालतं ना? मग? दातच!’

बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात माईंची गुटी राहते. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, मायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष, नागरमोथा, सागरगोटा, आणि जरा बऱ्या दर्जाच्या कागदात बदाम-खारीक. मात्रा वेढ्यांवर. सहाणेवर मुरडशेंगेचे दोन वेढे, वेखंडाचा एक, हळकुंडाचा एक. जायफळाचा अर्धाच. ‘अर्ध्याचा पाऊण झाला तर पोर दुपारचं उठायचं नाही,’ असं माई बजावतात. दोन नोकऱ्या आणि एक तान्हं सांभाळणारी नवी आई हे वाक्य ज्या आशेने ऐकते, ते बघण्यासारखं असतं. डब्यातली मुरडशेंग झिजून करंगळीच्या पेराएवढी उरली आहे. आमच्या तीन विंगांमधल्या बहुतेक पोटांतल्या कळा तिने काढल्यात, असा माईंचा दावा.

त्या पोटांपैकी एक पोट पुढे बालरोगतज्ज्ञ झालं.

गल्लीच्या तोंडाशी त्याचा दवाखाना आहे. लहानाचा मोठा आमच्याच बी विंगमध्ये झाला. भिंतीवर एम.डी.ची चौकट, समोर रांगेत कुरकुरणारी मुलं, आणि मधूनच पाळी नसताना दार ढकलून माई आत. ‘अरे, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला तू गुटी बंद सांगितलीस?’ तो खुर्चीतून उठतो, म्हणतो, ‘माईकाकू, बसा ना.’ माई बसत नाहीत. ‘तुझ्या पोटात मुरडा यायचा तेव्हा ही तुझी चौकट कुठं होती रे? मुरडशेंग होती!’ रांगेतल्या आया भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यात डोकं खुपसून हसू दाबतात. डॉक्टरांच्या पोटाचा इतिहास एवढा तपशीलवार दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात ऐकायला मिळणार?

पण हा डॉक्टर हुशार. माईंशी वाद घालायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट मागून घ्यायची, हे त्याने आधीच ठरवलं असावं. पहिल्यांदा त्याने मध मागितला. मधात कधी कधी एका जंतूचं बीज असतं, मोठ्यांना ते काही करत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतं, विष तयार करतं आणि बाळाचं अंग लुळं पडू शकतं, असं त्याने शांतपणे समजावलं. माईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, ‘कितव्या महिन्यापर्यंत?’ ‘बारा पुरे होईपर्यंत.’ दुसऱ्या दिवशी लिफ्टसमोर आवाज आला, ‘मध? आणि वर्षाच्या आत? तुला कुणी सांगितलं हे भलतंच?’ जिला झापत होत्या तिला हे भलतंच आदल्याच आठवड्यात माईंनीच सांगितलं होतं. माईंचं मत कधी बदलत नाही. ते पहिल्यापासून तसंच होतं, असं निघतं. मधामागून कापराची पुरचुंडी गेली, कारण कापूर चुकून पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. नाकाकानांत तेल सोडणं गेलं, डोळ्यांत काजळ गेलं. गुटीवर मात्र तह झाला. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्यानंतर सहाण उकळत्या पाण्यातून काढली असेल तर डॉक्टर दुसरीकडे बघणार.

जुलाबाच्या बाबतीत दोघं पहिल्यापासून एका बाजूला आहेत. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माई चव घेऊन बघतात. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. मग वाटी-चमचा घेऊन त्या मुलासमोर ठाण मांडतात आणि पोराने तोंड फिरवलं तरी दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर पाजत राहतात. झिंकचं औषध जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायचं असतं. आया तिसऱ्या दिवशी विसरतात. माई कॅलेंडरवर, एकादशी आणि गॅसच्या नंबराच्या मधल्या जागेत, फ्लॅट नंबर घालून टिक करतात. या कामाला लागणारा वेळ घरात दुसऱ्या कुणाकडे नसतो आणि डॉक्टरला तो चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

सी-404 मध्ये नवं जोडपं राहायला आलं तेव्हा माईंच्या साम्राज्याला पहिला खरा धक्का बसला. बाप आयटीतला. त्याच्याकडे कपाळावर रोखायचं थर्मामीटर. बटण दाबलं की टुंक वाजतं आणि आकडा येतो. त्याच्या मोबाइलमध्ये मुलाचा तक्ता: तारीख, वेळ, ताप, औषध किती मिली, शी किती वेळा आणि कशी, शेंबडाचा रंग. रंगाच्या खान्यात ‘पारदर्शक’, ‘पांढरट’, ‘पिवळसर’, ‘हिरवा’ असे चार पर्याय होते, पुढे ‘हिरवट-पिवळा’ वाढवला.

‘98.9,’ तो पहिल्या दिवशी लिफ्टसमोर म्हणाला. ‘नॉर्मल आहे, माई.’

‘कसर आहे,’ माई म्हणाल्या.

संध्याकाळी कुणाचं खरं ठरलं हे विचारू नका. कधी यंत्राचं खरं ठरतं, कधी हाताचं, आणि दोघंही हरलेल्या दिवसांची नोंद ठेवत नाहीत. मला मौज वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. माईंचं ‘आतून ताकद हवी’ आणि त्याचं ‘इम्युनिटी बूस्ट करायची आहे’ यांत फरक फक्त बिलाचा होता. माई नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण आणि मऊ भातावर तूप-मेतकूट यांवर ती ताकद आणत. तो जेलीच्या गोळ्या, थेंब आणि पावडरी कुरिअरने मागवी. शिवाय पुष्य नक्षत्र आलं की सुवर्णप्राशनाला. नक्षत्र दर सत्तावीस दिवसांनी येतं आणि दवाखान्याबाहेर फलक लागतो. त्याच्या तक्त्यात त्याचाही खाना होता. आणि एवढं करूनही पोराचं नाक वाहतच होतं.

एका शनिवारी तो तक्ता छापून घेऊन डॉक्टरकडे गेला. मी खोकला दाखवायला तिथेच बसलो होतो, आणि हा बालरोगतज्ज्ञ शेजारधर्म म्हणून आम्हा मोठ्यांचंही बघतो, म्हणून पुढचं कानावर पडलं. ‘या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या होतातच,’ डॉक्टर म्हणाला. ‘पाळणाघरात जाणारी मुलं दहा-बारासुद्धा काढतात. सर्दीच्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत. त्याचं शरीर एकेकाची ओळख करून घेतंय.’ बापाने मनातल्या मनात गुणाकार केला. दहा सर्द्या, एकेक आठ दिवसांची, त्यातल्या बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ‘म्हणजे पावसाळाभर तो आजारी दिसणार, पण आजारी नसणार?’ ‘वजन वाढतंय, खेळतोय, मधल्या दिवसांत हसतोय ना? मग बूस्ट कसला करताय? झोपू द्या, हात धुवा, घरातलं जेवण द्या, घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर ती बंद करा आणि लसी वेळेवर द्या.’ बाप नाराज झाला. या यादीतलं काहीच कुरिअरने येण्यासारखं नव्हतं.

त्याच दिवशी मला नजरेचंही शास्त्र कळलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आई बाळाला वारेतून तयार प्रतिपिंडं देते. ही शिदोरी पहिले काही महिने पुरते, सहाव्या महिन्याच्या आगेमागे संपत येते, आणि बाळाची स्वतःची भाकरी अजून थापून व्हायची असते. आता आमच्याकडे काय होतं बघा. पाच महिन्यांचं गुटगुटीत बाळ कडेवर घेऊन आई कौतुकाने म्हणते, ‘आमचा अजून एकदाही आजारी पडला नाही हो, माई!’ माई दचकतात. ‘बोलू नये असं!’ मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन दृष्ट निघते. पुढच्या महिन्यात शिदोरी संपते, नाक वाहायला लागतं आणि माई हळहळतात, ‘बोललीस ना? लागलीच शेवटी.’ या न चुकणाऱ्या भाकिताने आमच्या सोसायटीत भल्याभल्या तर्कवाद्यांना मिरच्या ओवाळायला लावलं आहे.

श्रेयाचा कायदा तर त्याहून पक्का. ताप उतरला त्या घटकेला जो उपाय चालू होता, तोच लागू पडला. सी-404 चा मुलगा गेल्या पावसाळ्यात खोकत होता. पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि सांगितलं, विषाणूचा खोकला आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, वाट बघा. तिसऱ्या दिवशी बापाने हवेतली आर्द्रता मोजायला यंत्र आणलं. जुलैच्या डोंबिवलीत त्यावर जो आकडा दिसला तो बघून त्याने ते बंद करून ठेवलं. चौथ्या दिवशी माईंनी तव्यावर ओवा भाजून फडक्यात बांधला, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला, मग छाती शेकली. पाचव्या दिवशी साताऱ्याहून आजीचा फोन आला. तिने तिथूनच, फोनवर दृष्ट काढली. आवाजासाठी स्पीकर चालू ठेवायला सांगितला होता. सहाव्या दिवशी पोरगा उठून टाइल्सवर गाडी फिरवायला लागला.

माई म्हणाल्या, ओवा. सातारा म्हणालं, मिरच्यांचा ठसका आला नाही तेव्हाच मला कळलं. बापाने तक्ता उघडून थेंबांची वेळ आणि ढासेची संख्या यांचा आलेख काढला. प्रकरण डॉक्टरकडे गेलं. तो म्हणाला, ‘काही केलं नसतं तरी पाच-सहा दिवसांत बरा वाटलाच असता.’ त्या एका वाक्यामुळे डोंबिवली आणि सातारा यांच्यातलं शत्रुत्व संपलं. सगळे मिळून डॉक्टरवर चिडले.

एवढं वाचून माई म्हणजे जुन्याच्या अभिमानी, असं कुणाला वाटेल. संध्याकाळी पारावर बसणाऱ्या आमच्या पेन्शनरांनाही तसंच वाटलं होतं. त्यातल्या एकाने, नातवाला टोचल्यावर ताप आला म्हणून वैतागून, सुरुवात केली, ‘आमच्या लहानपणी कुठे होत्या एवढ्या लसी? मातीत खेळलो, विहिरीचं पाणी प्यायलो. काय झालं आम्हाला? आम्ही नाही जगलो?’ पार माना डोलवत होता. माई भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या. थांबल्या.

‘जे नाही जगले ते इथं पारावर सांगायला येतायत का, भाऊ?’

त्यांच्या आईची आठ बाळंतपणं, हाताशी आली ती पाच. एक घटसर्पात गेलं, एक डांग्या खोकल्यात, एकाचं कशाने ते कुणाला कळलंच नाही. आणि पाचांतला धाकटा भाऊ. तो दर भाऊबीजेला डोंबिवलीला येतो, कोकणातल्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, बोलायला भारी मिश्किल माणूस. त्याच्या डाव्या पायाला कॅलिपर आहे. दोन वर्षांचा असताना तापाने फणफणला, ताप उतरला आणि पाय राहिला. पोलिओचा डोस त्यांच्या गावापर्यंत पोचला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. गेल्या भाऊबीजेला माई कुणाला तरी गुटीचे गुण सांगत होत्या, तेव्हा त्याने करंजी मोडता मोडता डोळा मिचकावला. ‘गुटी मलाही होती हो. धाकटा म्हणून दोन वेढे जास्तच.’ माईंनी त्याच्या ताटात आणखी दोन करंज्या आपटल्या. ‘खा मुकाट्यानं.’

1995 साली पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हापासून डोसाच्या दिवशी माई घरी सापडत नसत. कुणी नेमल्या नव्हत्या. सकाळी जिने चढून एकेक पोर बूथवर आणायच्या आणि संध्याकाळी उलट तपासणी करायच्या. ‘करंगळी दाखव.’ शाईची खूण नसेल तर आंघोळ घातली, पुसली गेली वगैरे सबबी चालत नसत. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. माईंना ते कळल्यावर त्या म्हणाल्या, ‘बरं झालं. आता पुढचं काय राहिलंय?’

पुढचं राहिलेलं 2022 च्या पावसाळ्यानंतर दिसलं. मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, भिवंडी आणि मालेगावातूनही बातम्या आल्या, मुलं दगावली. सी-404 चा बाप रात्र जागून वाचत बसला आणि सकाळी लिफ्टसमोर, तपासणीला मुलगा पुढे करता करता, माईंना म्हणाला, ‘माई, तुम्हाला माहितीये? 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. आधीच्या आजारांविरुद्ध शरीराने जमवलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्क्यांपर्यंत गोवराने पुसून टाकली होती. म्हणजे गोवर बरा झाला तरी पोर जुन्या आजारांना पुन्हा उघडं पडतं!’

माईंचा हात मुलाच्या मानेखाली होता. ‘हो ना,’ त्या म्हणाल्या. ‘गोवर निघून गेल्यावर वर्षभर पोराला जपावं लागतं, खंगतं ते. आजी सांगायची माझी.’

बाप त्यांच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याच्या तक्त्यात ‘थर्मामीटर’च्या शेजारी ‘माई’ नावाचा खाना आला, आत पाच पर्याय. आणि माईंनी त्याला कामाला लावलं. आमच्याकडच्या आया नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या सुईपर्यंत डोळ्यांत तेल घालून तारखा पाळतात. मग मूल चालायला लागतं, आईची सुट्टी संपते, आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर मागे पडतात. पाच वर्षांनंतरचा बूस्टर तर शाळाप्रवेशाच्या धांदलीत कुणाला आठवतच नाही. माईंनी घरोघर कार्डं मागवली आणि बापाने तक्ता केला.

लिफ्टमध्ये सेक्रेटरींची थकबाकीदारांची यादी लावलेली असते. फ्लॅट नंबर, रक्कम, किती महिने. माईंना तो नमुना आवडला. एक तारखेला त्या यादीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरा कागद दिसला: ‘डोस थकबाकी’. ए-303, दुसरा गोवर-रुबेला, दोन महिने. सी-101, बूस्टर, पाच महिने. बी-201, पाच वर्षांचा बूस्टर, सात महिने.

बी-201 म्हणजे खुद्द सेक्रेटरी. त्यांच्या नातवाचा डोस.

‘माई, लिफ्टमध्ये परवानगीशिवाय कागद लावता येत नाही,’ ते तावातावाने खाली आले. ‘आणि नंबर टाकला तरी कोण ते सगळ्यांना कळतं!’

‘तुमच्या यादीतलंही कळतं की मला.’

‘पण ते मेंटेनन्स आहे!’

‘मग हे काय आहे?’

सेक्रेटरी शनिवारी नातवाला घेऊन दवाखान्यात दिसले. बी-201 यादीतून खाली उतरला. मेंटेनन्स थकला की सोसायटी व्याज लावू शकते, हे माईंना नुकतंच कुणीतरी सांगितलं. डोसालाही तसं काही लावता येईल का, असा रीतसर अर्ज त्यांनी दिला आहे. सेक्रेटरी उपविधी बघून सांगतो म्हणालेत.